तिकाटण्यावरचा निवद

माणसं पक्ष बदलतात, डॉक्टर बदलतात, फार तर गुरू बदलतात. पण चेटकीणपणातली शाखा बदलणारी बाई साऱ्या पुणे जिल्ह्यात एकच, आणि ती नेमकी माझी मेव्हणी निघावी, हे आमचं नशीब! चेटकीण हा शब्द मी माझ्या पदरचा घालत नाही हं. तो तिचाच हट्ट. विम्याच्या कचेरीतली चांगली नोकरी मुदतीआधी सोडून तिनं विंझरच्या पुढं थोडी जमीन घेतली, दोन कौलारू खोल्या बांधल्या, आणि वास्तुशांतीच्या पंगतीत मधोमध उभं राहून समस्त नातेवाइकांना सांगितलं की, आजपासून मी चेटकीण आहे. माझ्या सासूबाईंच्या हातातली जिलबी हातातच राहिली. त्यांच्या भावानं मात्र पेन्शन चालू राहणार का, एवढंच विचारलं आणि मठ्ठा मागवला.

आम्हा नसरापूरच्या माणसांना चेटकीण म्हटलं की उलट्या पायांची आणि केस मोकळे सोडलेली, एवढीच ठाऊक. हिचे पाय सुलटे आणि केस बॉयकट. त्यामुळं सुरुवातीला मी फारसं मनावर घेतलं नाही. मग एकदा ती चार दिवस आमच्याकडं राहायला आली, तेव्हा ती स्वयंपाकघरातली चेटकीण होती. या शाखेचा मंत्रतंत्र सगळा चुलीपाशी. आमटी ढवळायची ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनंच, म्हणजे घरात बरकत येते. उलटी ढवळली तर जाते. आता माझी बायको जन्माची डावरी. तिचा हात उलटाच फिरतो. दोघी सख्ख्या बहिणी एका पातेल्याशी उभ्या, एक आमटी अशी ढवळते, दुसरी ती सुधारायला तशी ढवळते, आणि मी ताट घेऊन वाट बघतोय. शेवटी डाळीचा पार लगदा झाला. "इतकी वर्षं तुमच्या घरात बरकत का नाही, ते आज कळलं, दाजी," असं मला शांतपणे सांगून तिनं तो लगदा आवडीनं खाल्ला.

पुढं ती हिरवी चेटकीण झाली. ही झाडापाल्यातली. पान तोडण्याआधी झाडाची परवानगी घ्यायची, हा यांचा नेम. स्वतःच्या परसात घेते तोवर ठीक होतं, पण नसरापूरच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीपुढं डोळे मिटून ती उभी राहिली, तेव्हा माझ्या दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं आजूबाजूला होती. भाजीवालीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाली, "तिला काय इच्यारताय बाई, मालकीन म्या हाय." मग ती सागरी चेटकीण झाली. वेल्हे तालुक्यात समुद्र कुठला आणायचा? तिनं भोरकडं जाऊन धरणाच्या पाण्यावर भागवलं. तिथून आणलेले शिंपले आमच्या टीव्हीवर बरेच दिवस वास मारत होते. त्यानंतर उत्तरेकडच्या कुठल्या बर्फाळ देशातली विद्या आली. दगडांवर रेघोट्या कोरायच्या आणि ते टाकून भविष्य बघायचं. माझं पंप-मोटारीच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिनं शुभ म्हणून दिलेला एक दगड माझ्या कारागिरानं टेम्पो घरंगळू नये म्हणून चाकामागं उटी लावला. तिला हे कळलं तेव्हा मी कानकोंडा झालो, पण ती खूश. म्हणाली, रक्षणाचाच दगड होता तो, काम करतोय.

एकदा मी वैतागून विचारलं, की बाई गं, तुमच्यात खरी चेटकीण म्हणायची तरी कुणाला? झालं! मोटारीची वायर हातात घेऊन मी तासभर ऐकत बसलो. कुणी दीक्षा घेऊन होतं, कुणी आजीकडून घेतं, कुणी आपल्या आपण होतं. कुणाला देवी लागते, कुणाला देव आणि देवी जोडीनं लागतात, आणि काही तर पक्क्या नास्तिक, चंद्राकडं नुसतं बघून समाधान मानणाऱ्या. कुणी घोळक्यानं करतं, कुणी एकटीनं. यात पुरुषही असतात. मोबाईलवर यांचा एक गट आहे. दर पौर्णिमेला त्यातल्या बायका व्हिडिओवर एकमेकींना दिसतात आणि खरी कोण यावरून भांडतात. मी म्हटलं, म्हणजे आमच्या दूध सोसायटीसारखंच की. ती म्हणाली, "तसंच. फक्त आमच्यात चेअरमन नाही."

हे सगळं हसण्यावारी जात होतं, पण त्या एका शब्दाचं मला पहिल्यापासून भय होतं. मोटारी बसवायला मी त्या पट्ट्यात फिरतो. माणसं सोन्यासारखी आहेत, जेवल्याशिवाय सोडायची नाहीत. पण म्हैस आटली किंवा पोर सुकलं की त्याचं खापर फोडायला एखादी एकटी बाई सापडते, हेही मी पाहिलंय. माझ्या बायकोनं तिला कितीदा विनवलं, की तू माळीण सांग, वैदू सांग, पण चेटकीण म्हणून गावात बोलू नकोस. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. ज्या बायकांना हे नाव ठेवून मारलं, त्यांनी कधी ते आपल्या तोंडानं घेतलं नव्हतं. मग कुणीतरी एकीनं मान वर करून घ्यायला नको का? कप्पाळ! तरी बायकोच्या शपथेखातर गावात ती शब्द गिळून राहिली. गावानं तिला झाडपाल्याची बाई म्हणून सोडून दिलं.

आणि मग ती तिकाटण्याच्या देवीची भक्त झाली. तीन वाटा मिळतात त्या जागी राहणारी ही ग्रीस देशातली देवी. कुत्री तिची लाडकी, आणि अडलेल्या बाळंतिणीला ती सोडवते म्हणे. अमावास्येला दिवेलागणीच्या वेळी तीन वाटांवर तिला जेवण वाढायचं, अंडी, लसूण, भाकरी, आणि मागं वळून न बघता घरी यायचं. मेव्हणीनं पुस्तकाबरहुकूम सगळं केलं. पत्रावळीवर अंडी ठेवली, लसूण ठेवला, भाकरी ठेवली, आणि मागं न बघता आली. वाढली पुण्यात, पेठेत. तिला कसं ठाऊक असणार, की वेल्ह्यापासून कामथडीपर्यंत कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, अमावास्येला तिकाटण्यावर पत्रावळीत अंडं म्हणजे उतारा! कुणाच्या तरी अंगावरची पीडा उतरवून टाकलेली. जो ओलांडेल त्याला ती लागायची. अख्ख्या जगातल्या देव्या धुंडाळून हिनं नेमकी ही निवडली.

आणि ओलांडला कुणी, तर शेजारच्या म्हातारीच्या सुनेनं. दिवस भरत आलेली, माहेराहून एसटीनं येऊन अंधुक उजेडात चालत घरी निघाली होती. पाय पलीकडं पडल्यावर तिला दिसलं. पहिलं मूल पोटातच गेलेलं, हे दुसरं. पोरगी घरी जाऊन जी रडायला लागली ती थांबेना. पत्रावळ कुणी ठेवली, हे एका गुराख्यानं पाहिलं होतं.

सकाळी तिकडच्या एका ओळखीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, की मालक, तुमच्या पाव्हण्या बाईंच्या दारात मानसं जमल्यात, लवकर या. बायकोला मागं बसवून मी स्कूटर काढली. सबंध रस्ताभर मी भाषण जुळवत होतो. कायदा सांगेन, पोलिसांचं नाव घेईन, पाया पडेन. पोचलो तर अंगणात वीसेक माणसं, आणि पुढं ती म्हातारी, कमरेवर हात ठेवून. देवऋषीला आणा, असं एक जण म्हणत होता. हिला आधी गावाबाहेर काढा, असं दुसरा. मला भाषणातला एक शब्द आठवेना. तेवढ्यात मेव्हणी दार उघडून बाहेर आली.

"मीच ठेवली ती पत्रावळ," ती म्हणाली. मी मनात म्हटलं, संपलं.

म्हातारीनं विचारलं, "कुनाची पीडा टाकलीस? खरं सांग."

"कुणाचीच नाही. देवीचं जेवण होतं ते. तिकाटण्यावर राहते ती. अडलेल्या बायकांना सोडवते."

"कंची देवी?"

"लांबची आहे, आजी. आपल्याकडची नाही."

म्हातारी तिच्याकडं बघतच राहिली. मग ती सावकाश म्हणाली, "म्हंजी निवद व्हता त्यो."

"हो."

"आन पानी कुठं व्हतं?" म्हातारीचा आवाज चढला. "निवदाला पानी फिरवत्यात, एवडं बी ठावं न्हाई व्हय तुला? हळद न्हाई, कुकू न्हाई, पानी न्हाई. लोकं उतारा म्हननार न्हाई तर काय!"

भक्ती केली ती केली, वर धड करताही आली नाही, यावर म्हातारीनं तिला सगळ्यांदेखत अशी फैलावर घेतली, की हिला गावाबाहेर काढा म्हणणाराही, जाऊ द्या म्हातारे, चुकलं त्यांचं, म्हणायला लागला. मग तिनं मेव्हणीला हाताला धरून सुनेपुढं नेलं आणि तिच्या तोंडून वदवून घेतलं, की पोरी, तू पीडा ओलांडली नाहीस, देवीचं ताट ओलांडलंस. सून ऐकत होती, पण तिचे डोळे काही निवले नाहीत. आणि गावानंही निकाल दिला नव्हता. बाळंतपण नीट झालं तर तो निवद, नाही झालं तर करणी, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं. आम्हालाही.

आम्ही तिला नसरापूरला चल म्हणून हरतऱ्हेनं सांगितलं. ती ऐकेना. "मी गेले तर त्या मुलीला वाटेल, खरंच काहीतरी केलं म्हणून पळाली. ती भीतीनंच मरेल, दाजी," म्हणाली. पुढचे दिवस मी दुकानात बसत होतो एवढंच. फोन वाजला की हातातली वायर टाकून धावायचो. दोन मोटारी मी उलट्या गुंडाळल्या. बायकोचा ग्रामदैवताला नवस बोलून झाला, आणि एकदा तर देव्हाऱ्यासमोर हळूच, त्या लांबच्या देवीलाही सांगते गं, असं पुटपुटताना मी तिला पकडली.

कळा सुरू झाल्या त्या भरदुपारी. गावातली एकुलती एक जीप लग्नाला गेलेली, राहिली ती मेव्हणीची पुण्याहून आणलेली जुनी गाडी. म्हातारी मेव्हणीच्या दारात आली आणि गाडी काढ, एवढंच म्हणाली. तो रस्ता, ती वळणं, मागच्या सीटवर ती पोरगी आणि पुढं म्हातारी. मेव्हणीला गाडी धड चालवता येत नाही हे मला ठाऊक. आमच्या फाटकाचा खांब तिनंच वाकवलाय. संध्याकाळी भोरच्या दवाखान्यातून तिचा फोन आला. पलीकडून नुसताच गलका ऐकू येत होता. मी हॅलो हॅलो ओरडत राहिलो. मग एकदाचा तिचा आवाज आला.

"मुलगी. दोघी बऱ्या आहेत, दाजी."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण दुकानात गिऱ्हाइकांदेखत रडलो. लाज वाटली नाही. बायकोला सांगितलं, तर तिनं आधी देवाला साखर ठेवली आणि मग मलाच ओरडली, की लवकर का नाही सांगितलंत!

पाचवीला आम्हाला तिघांनाही बोलावणं आलं. पाचवी म्हणजे बाळाच्या जन्मानंतरचा पाचवा दिवस. त्या रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणतात, म्हणून त्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत घरच्या बायकांखेरीज कुणाला सोडत नाहीत. परक्या बाईची, त्यातून एकट्या, बिनमुलाच्या बाईची सावलीसुद्धा नको असते. मेव्हणीला हे आता ठाऊक झालेलं, त्यामुळं ती आम्हा दोघांबरोबर बाहेर ओट्यावरच टेकली. म्हातारी बाहेर आली, हिच्या दंडाला धरून तिला आत घेऊन गेली, पाटावर बसवलं आणि ते गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. "धर नीट. मान संबाळ," म्हणाली, आणि आपल्या कामाला लागली. सुनेनं एकदा बघितलं, आणि डोळे मिटून पडून राहिली, निवांत.

दारातून मला तेवढंच दिसत होतं. ज्याला त्याला स्वतःचं नवं नाव सांगत इतकी वर्षं फिरलेली ही बाई, त्या पाटावर बसली होती आणि तू कोण, हे तिला कुणीच विचारत नव्हतं. घरातल्या बायका येत होत्या, बाळाला बघत होत्या, तिला ओलांडून जात होत्या. ती हलत नव्हती. मान सांभाळायची म्हणून हात अवघडला असणार, तरी तिनं तो बदलला नाही. बायको उठून म्हणाली की चला, उशीर होतोय. मी म्हटलं, बस गं जरा. आपल्याला कुठं घाई आहे.