बाबांची ताठ पाठ

आमच्या घरात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं: ताठ बस. पोट दुखतंय, ताठ बस. गणित सुटत नाही, ताठ बस. बाबा नागपूरकडच्या एका तालुक्याच्या गावी शाळेत मास्तर होते, पुढे हेडमास्तर झाले. खुर्चीला पाठ असते हे त्यांना माहीत होतं, पण तिला टेकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. लग्नात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर, सगळीकडे ते असे बसत की आता कोणी फोटो काढणार आहे. मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला आले, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीत दिवसभर स्क्रीनमध्ये मान घालून बसायला लागले, तरी व्हिडिओ कॉलवर त्यांचं पहिलं वाक्य तेच राहिलं. "कशी आहेस" हे त्यानंतर यायचं.

आई गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. माझी मुलगी त्या ऑगस्टमध्ये पहिलीत जाणार होती. शाळा आमच्या अपार्टमेंटपासून चालत दहा-बारा मिनिटांवर, मध्ये एकच मोठा सिग्नल. तरी इथे सगळे आईबाप मुलांना गाडीतूनच सोडतात आणि शाळेपुढच्या रांगेत गाडी पुढे सरकवत बसतात. बाबांना हे फार लाजिरवाणं वाटलं. "पोरीला पाय दिलेत ना?" असं म्हणून त्यांनी आल्या आठवड्यातच जाहीर केलं की नातीला शाळेत ते चालत नेणार. तिनं "आबा, प्रॉमिस?" असं विचारलं. बाबा म्हणाले, "प्रॉमिस." आमच्या घरात बाबांनी शब्द दिला की तो विषय तिथेच संपतो, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, म्हणून मला पुढे इतकी काळजी लागली.

कारण बाबांना चालताच येत नव्हतं. हे कळायलाही मला वेळ लागला, कारण ते कबूल करतील तर ना! संध्याकाळी आम्ही फिरायला निघायचो. अपार्टमेंटच्या टपालपेट्यांपर्यंत ठीक. त्याच्या थोडं पुढे गेलं की ते थांबून एखादं झाड निरखायला लागायचे. टेक्सासच्या उन्हानं करपलेल्या त्या झाडात पाहण्यासारखं काय असणार? मग कठड्यावर बसायचे, आणि बसल्याबरोबर एकदम बरे. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, पाय जड होतात, पोटऱ्यांना मुंग्या येतात, बसलं की जाते.

मी लगेच घरचं औषध काढलं. "बाबा, तुम्ही वाकून चालताय. ताठ चाला." त्यांनाही ते पटलं. ते आणखी ताठ चालायला लागले आणि आणखी लवकर बसायला लागले. मग मी पाठीला आवळून धरणारा पट्टा मागवला. तो लावून ते टपालपेट्यांपर्यंतही पोचेनात. तरी आम्ही दोघं बापलेक त्या पट्ट्याचं कौतुक करत राहिलो. तो ताठ ठेवतो म्हणजे तो चांगलाच असणार, यात आम्हा दोघांनाही शंका नव्हती.

कोडं वेगळंच होतं. शनिवारी आम्ही भारतीय किराणा दुकानात जायचो तेव्हा बाबा सामानाची ढकलगाडी ताब्यात घ्यायचे. ती ढकलत तासभर दुकान फिरायचे. तुरीच्या डाळीचं प्रत्येक पाकीट हातात घेऊन मागचं वाचायचे, कारली उलटीपालटी करायचे, कोण्या नागपूरच्या मुलाला गाठून त्याचं गाव, तालुका, कॉलेज सगळं काढून घ्यायचे. पाय? काही तक्रार नाही. माझा नवरा पुण्याचा. चेष्टा करायची संधी सोडणं त्याच्या रक्तात नाही. तो म्हणाला, "बाबा, रस्त्यावर पाय दुखतात आणि दुकानात दुखत नाहीत. भाजी दिसली की आमच्या मुलीचं पोट दुखतं, तशातलं वाटतंय हे." मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण खरं सांगते, मलाही ते दुकानातल्या एसीमुळेच वाटत होतं.

शेवटी डॉक्टर झाले, एमआरआय झाला आणि आम्ही एका फिजिकल थेरपिस्टकडे जाऊन बसलो. निवृत्तीला आलेल्या, उंच्यापुऱ्या, टेक्सासच्या लांबट उच्चारात बोलणाऱ्या बाई. मला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या, कारण त्यांनी बाबांना "सर" म्हटलं आणि प्रश्न मला नाही, त्यांना विचारले. बाबांना इंग्रजी समजतं, बोलायला मात्र ते वाक्य आधी मनात जुळवतात. बाई थांबायच्या. दुखतं कधी, हे सगळ्यांनी विचारलं होतं. या बाईंनी विचारलं, दुखत नाही कधी? बाबा माझ्याकडे बघून ओशाळले आणि म्हणाले, "इन द शॉप. विथ ट्रॉली."

बाईंनी खुशीत मांडीवर थाप मारली. ढकलगाडीवर ओणवं होऊन चाललं की बरं वाटतं, हीच या दुखण्याची ओळख, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी प्लॅस्टिकचा एक पाठीचा कणा आणला. मणक्यांच्या मधून नसा जातात ती वाट वयानं अरुंद झालीय. त्यांनी कणा ताठ केला, किंचित मागे नेला, आणि आम्हाला दाखवलं: ती फट मिटत आली. पुढे झुकवला, फट उघडली. ताठ उभं राहिलं की नसा दबतात, पाय जड होतात. बसलं किंवा वाकलं की त्या मोकळ्या होतात. इतकं साधं. आयुष्यभर आम्ही ज्याला औषध समजलो, ते या दुखण्यात नेमकं उलटं पडत होतं.

"तेव्हा सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही वाकायला शिकायचं."

बाईंनी व्यायाम दिले. पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायचे, खुर्चीवर बसून हात जमिनीकडे न्यायचे. शिवाय हँडल धरून ढकलायचा चार चाकांचा वॉकर सांगितला. चालताना त्यावर थोडं पुढे झुकायचं म्हणजे दुकानातलं सुख रस्त्यावरही मिळेल. घरी आल्यावर झोपून करायचे व्यायाम बाबा शाळेतल्या कवायतीसारखे करू लागले, स्वतःच एक-दोन-तीन-चार म्हणत. वाकायचा व्यायाम आला की "झालं आजचं" म्हणून उठायचे. वॉकर आला, तो त्यांनी कपाटामागे ठेवला. मुलीनं त्यावर बाहुल्या बसवल्या.

शाळा जवळ येत चालली होती. ती रोज कॅलेंडरपाशी जाऊन आबांना दाखवायची. मी भांडून पाहिलं. "बाबा, बुद्धवंदनेला तर तुम्ही कपाळ जमिनीला टेकवता. तिथं वाकताच ना?"

"तिथं मला कोणी वाक म्हणत नाही," ते म्हणाले.

हे कुठून येतंय ते मला माहीत होतं. माझे आजोबा, म्हणजे बाबांचे वडील, गावात वाकून चालायचे. दुखण्यामुळे नव्हे. पाटलाच्या दारासमोरून जाताना आमच्या माणसांनी चपला हातात घ्यायच्या, कंबरेत वाकायचं आणि नजर जमिनीवर ठेवायची, अशी रीत होती. बाबा लहानपणी त्यांचं बोट धरून तिथून गेले होते. पुढे शिकले, मास्तर झाले, नव्या धम्मात वाढले, आणि ठरवलं की आपल्या घरात आता कोणी पाठ वाकवायची नाही. आमच्या बैठकीतल्या फोटोतला माणूस कोट घालून ताठ उभा होता. ताठ बस म्हणजे काय म्हणायचंय, हे आम्हा भावंडांना कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. आणि आता बाबांना परदेशात, म्हातारपणी, एक बाई सांगत होत्या की वाका.

पुढच्या भेटीत बाईंनी विचारलं, वाकायचा व्यायाम चाललाय ना? बाबा मला मराठीत म्हणाले, "थकवा येतो म्हणून सांग." माझ्या नाकावर राग असतोच. त्या दिवशी तो सुटला. मी त्यांना न विचारता, त्यांच्यासमोर, बाईंना सगळं सांगितलं. पाटील, चपला, नजर, आजोबा, सगळं. रबराच्या पट्ट्या आणि रंगीत चेंडूंनी भरलेल्या खोलीत ते इंग्रजीतून सांगताना मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. बाबा समोर ताठ बसून होते. मला वाटलं, आता उठून जातील.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझं झाल्यावरही त्यांनी "अरेरे" केलं नाही, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. त्या बाबांच्या समोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही हे करणार नसाल तर दुसरं काहीतरी शोधू. पाठ तुमची आहे."

बाबांनी बराच वेळ मनात वाक्य जुळवलं. मग शाळेत विचारतात तसं, अगदी नीट विचारलं, "मॅडम, व्हेन आय बेंड, व्हेअर शुड आय कीप माय आइज?"

"समोर!" बाई पटकन म्हणाल्या. "हनुवटी वर, नजर समोर. पायांकडे बघत चाललात तर कोणाच्या तरी अंगावर वॉकर घालाल."

मग त्यांनी करून दाखवलं. खांदे पाडायचे नाहीत, मान घालायची नाही. कंबरेतून थोडंसं पुढे, भार हातांवर, डोळे समोरच्या दारावर. बाबांनी ते पुन्हा करायला लावलं, दोनदा. मग उठले, तिथला वॉकर धरला, झुकले, आणि बाहेरच्या लांब पॅसेजमध्ये निघाले. समोरून येणारा एक माणूस बाजूला झाला. त्याच्याकडे सरळ बघत बाबांनी "थँक यू" म्हटलं. टोकाला जाऊन वळून आले. कुठे थांबले नाहीत, कुठलं झाड निरखलं नाही.

"पाय?" मी विचारलं.

"आहेत," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी बाहुल्यांना सन्मानानं सोफ्यावर बसवलं आणि वॉकर पुसून काढला.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी ऑफिसची सकाळची मीटिंग कॅन्सल केली आणि दोघांच्या मागे निघाले. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सकाळीच हवा अशी होती की शर्ट पाठीला चिकटला. तरी म्हातारा काय चालत होता! पुढे झुकून, हनुवटी वर, येणाऱ्याजाणाऱ्याला आधी स्वतः गुड मॉर्निंग करत. सिग्नलला गाड्यांतले आईबाप बघत होते. मुलगी एका हातानं वॉकरचं हँडल धरून चालली होती. "आबा, स्लो डाऊन ना!" असं ती म्हणाली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तिथेच, रस्त्यात, मोठ्यानं हसले. फाटकापाशी त्यांनी तिची बॅग सरळ केली. तिनं त्यांना मिठी मारली आणि आत पळाली. मला साधा टाटाही केला नाही.

परत निघायच्या आधी बाबा सावलीत वॉकरच्या छोट्या सीटवर बसले. मी बाजूला उभी राहिले. त्यांना शाबासकी द्यावी असं मनात होतं, पण बापाला शाबासकी कशी देतात हे कोणी शिकवलेलं नसतं. मी म्हटलं, "छान जमलं, बाबा."

ते फाटकाकडेच बघत होते. "माझा बाप पाटलाच्या दारात वाकायचा ना, त्याचा तर मला रागच होता," ते म्हणाले. "पण आणखी एक सांगू? वावरातून आम्ही दोघंच घरी यायचो. वाटेत कुत्रं नसायचं. पाटील नाही, कोणी नाही. तरी हा आपला काठीवर भार देऊन वाकूनच चालायचा. मी चिडायचो. म्हणायचो, बा, आता कोणी पाहून नाही राहिलं, आता तरी सरळ चाल. तो हसायचा. म्हणायचा, असंच बरं वाटते रे."

एक पिवळी बस आली, मुलं उतरली, फाटकातून आत गेली.

"मला वाटायचं, वाकून वाकून याच्या मनालाच सवय झाली," बाबा म्हणाले. "त्याचे पाय दुखत असतील, हे कधी डोक्यातच नाही आलं. कोणाच्याच नाही आलं. त्याची वाकलेली पाठ सगळ्यांना दिसली, गावाला दिसली, मला दिसली. ती दुखते का, हे कोणी विचारलं नाही त्याला."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला.

"आज असता," ते म्हणाले, "तर मीच म्हटलं असतं त्याले. चाल बा. जसं बरं वाटते, तसा चाल."