रविवारची बंद दारं

कॅमेरा मी जुना, कुणाचा तरी वापरलेला घेतला आणि पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, आपण दारं-खिडक्याच काढायच्या. माणसं नकोत. माणूस हलतो, डोळे मिटतो, वर "दाखव बघू" म्हणत नाक मुरडतो. दाराची तसली काही कटकट नसते. तरीही माझी दारं वाकडीच यायची, ती गोष्ट वेगळी.

इथल्या जुन्या शहरातला जॉर्ज टाउनचा घाऊक बाजार रविवारी बंद. एरवी हातगाड्यांमुळे मुंगीला शिरायला जागा नाही, पण त्या दिवशी गल्ल्या मोकळ्या होतात आणि शटरांच्या मधे मधे जुन्या घरांची दारं दिसायला लागतात. रंगाचे पोपडे सुटलेले, हिरव्याखाली निळा, निळ्याखाली आणखी कुठला तरी. उंबऱ्याला हळद-कुंकू, दारात पिठाची रांगोळी, म्हणजे इथला कोलम, आणि बरोबर चौकटीच्या डोक्यावर विजेचा मीटर. त्या मीटरांनी माझा जीव खाल्लाय.

ती माझ्याबरोबर यायची. शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या एकाच कारखान्यात आम्ही दोघं, कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसून ओळख झालेली. तिचं घर तंजावरकडचं मराठी, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. त्यामुळं तिच्या बोलण्यातले शब्द माझ्या खापरपणजीचे आणि चाल तमिळ. मी सांगलीचा, नोकरीसाठी इथं आलेला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. पुढं पुढं मात्र तेच बोलणं दिवसभर कानात राहायला लागलं. फोटो हे नुसतं निमित्त, हे मला केव्हाच कळलं होतं. तिला कळलंय का, एवढंच कळत नव्हतं.

एकदा एका फिकट निळ्या दारासमोर मी अंग वाकडं करून उभा होतो, तर मागून म्हणते, "नुसतं दार काय काढतोस? तुला एक बायको पाहिजे."

कॅमेरा हातातून पडायचाच राहिला. कानापर्यंत लाल झालो.

"अय्यो, बायको म्हणजे बाई रे! आमच्या घरी कुठल्याही बाईला बायकोच म्हणतात. फोटोत एक बायको पाहिजे, पायरीवर बसलेली." आणि स्वतःच जाऊन पायरीवर बसली. तो फोटो हललेला आला.

मग तिची पुण्याला बदली झाली. "तुझ्या गावाला चालले," असं मला सांगायला लागली. सांगली काय नि पुणं काय, तिला एकच! मला चीड आली, देवाशप्पथ. मी इथं तिच्या मुलखात इडल्या खात बसायचं आणि हिनं तिकडं जायचं.

शेवटच्या रविवारी ठरवलं, आज बोलायचंच. सकाळभर फिरलो, एक फोटो धड काढला नाही. ती आपली दाखवतेय, हे गज बघ, ही झडप बघ. शेवटी एका कुलूपबंद दारापाशी सावलीत थांबलो आणि धीर करून म्हणालो, "तू गेलीस की मला इथं करमणार नाही."

"करमणार म्हणजे?"

घ्या! जन्मात एकदा तोंड उघडलं, तर तो शब्दच हिच्या घरात नाही.

"म्हणजे... वेळ जात नाही."

"मग सिनेमा बघ."

"सिनेमानं नाही भागत. काम असतं, जेवण असतं, सगळं असतं, पण ते एक माणूस नसतं म्हणून कशातच मन लागत नाही. रविवार तर नकोच वाटतो." एका दमात बोललो. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, आपण सगळंच सांगून बसलोय.

तिनं दाराचं कुलूप उगीच हातात घेतलं, सोडलं. मग तो शब्द दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला.

"पुण्यात मला असं झालं, तर हेच म्हणायचं? करमत नाही?"

"हो, हेच."

"सरी, ठीक आहे. झालं तर तुलाच फोन करून सांगते."

फोन येतो तिचा. ऑफिस चांगलं आहे म्हणते, हवा चांगली आहे, मैत्रिणी मिळाल्या. बोलणंही पुणेरी होत चाललंय. मी दर वेळी जिवाचा कान करून ऐकतो. परवा न राहवून मीच विचारलं, "काय गं, करमतं का तिथं?"

"हो रे," ती म्हणाली, "छान करमतं."