आप्पांचं इन्सुलिन

"शुगर फार वाढलीय. इन्सुलिन सुरू करावं लागेल," चाळीसेक वर्षांपूर्वी मुलुंडच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले. माझे वडील, आप्पा, शेजारी बसले होते. त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं द्रव्य. शरीरात कमी पडलं की टोचून घ्यायचं.

आप्पांनी सहज विचारलं, "बनवतात कशापासून?"

"गाईच्या नाहीतर डुकराच्या स्वादुपिंडापासून."

तेव्हा इन्सुलिन तसंच बनायचं. आप्पा उठलेच. ऐन तिशीपासून गळ्यात तुळशीची माळ. घरात मासे शिजले की ते वेगळे जेवायला बसत. "आजपावत अंड्याक हात लावूक नाय, आणि आता गाय आंगात घालून घेऊ?"

डॉक्टरांना मालवणी कळली नसेल, नकार कळला. नुसत्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो.

पण भजनाला गेले की आप्पा वाटीभर शिरा खाऊन यायचे.

"आप्पा, साखर विष आहे तुम्हाला!"

"परसाद तो. बाधत नाय."

माझं डोकं फिरायचं. अंधेरीच्या कंपनीत हाफ डे टाकून मी त्यांच्या रक्ताच्या तपासण्यांसाठी ताटकळायची, आणि यांचं हे असं!

अंगठा काळा पडला. गँगरीन, म्हणजे मांस मरून सडू लागणं. "अंगठा काढावाच लागेल," डॉक्टर म्हणाले. "आताही इन्सुलिन नाही घेतलं, तर पुढे पाय जाईल."

आप्पांनी माळ काढून माझ्या हातात दिली. "सांग तेंका, टोचा."

वाटलं, सुटलो. कसलं काय! घरी आल्यावर दर इंजेक्शननंतर आंघोळ. मी काचेची सिरिंज उकळून टोचायची आणि हे बँडेज भिजवून यायचे.

"पाय भिजवायचा नाही म्हटलंय ना! थकले मी आता!" मी ओरडले.

दुसऱ्या दिवसापासून आंघोळीऐवजी चमचाभर तुळशीचं पाणी. हळूहळू तेही सुटलं, माळ परत गळ्यात आली.

मी मुद्दाम विचारलं, "आता चालते वाटतं गाय?"

"अन्न न्हय गो ता. औषद."

हेच मी घसा फोडून सांगत होते! पण ते असं बोलले, जणू त्यांनाच सुचलं.

अंगठा गेला, पण पाय वाचला. ते डॉक्टर आप्पांना एकदाही हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर वाद जिंकायला जाऊ नका. ज्याची त्याची समजूत त्यालाच घालू द्या, तुम्ही सुई चुकवू देऊ नका. चिडायला नंतर वेळ मिळतो. मी अजून चिडलेलीच आहे.