पाय हुकूम ऐकेना

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि मुकुंदवाडीत घर केलं. तिथल्या मैदानावर आम्ही माजी सैनिक सकाळी व्हॉलीबॉल खेळतो. एका स्मॅशला उंच उडालो, खाली आलो तो गुडघा एकीकडं अन् मी एकीकडं. लिगामेंट तुटलं. ऑपरेशन ठरलं.

आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई वॉर्डात ब्रीफिंगला आल्या. वयानं माझ्या पुतणीएवढ्या, बोलणं मात्र कंपनी कमांडरचं.

"काका, ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून सोनोग्राफीच्या मशीनवर बघून नसेपाशी औषध सोडते. मांडीच्या मधोमध सोडलं तर पायात ताकद बरीच राहते. जांघेत सोडलं तर दुखणं जास्त दबतं, पण मांडी झोपते. तुमचं ऑपरेशन मोठं आहे, म्हणून जांघेतलं देणार."

"द्या, मॅडम. फौजी माणूस हाय."

"म्हणूनच सांगते. गुडघ्याचा पट्टा काढायचा नाही. एकट्यानं उठायचं नाही."

"जी मॅडम."

ऑपरेशन ठीक झालं. सकाळी दुखणं शून्य. मांडीला चिमटा काढला, तर शेजाऱ्याला काढल्यासारखा वाटला. पट्टा मात्र लई टोचत होता. बायको, सुनंदा, चहा आणायला गेली तसा मी तो सोडून ठेवला.

तेवढ्यात दारात सुभेदारसाहेब. माझ्या प्लाटूनचे जुने वरिष्ठ, आता शहागंजात राहतात. हातात मोसंब्यांची पिशवी. जुनी सवय. डोक्याला विचारायच्या आत मी खाटेवरून उतरून सावधान झालो.

म्हणजे उजवा पाय झाला. डावा ड्युटीवरच नव्हता.

मी पुढं कोसळलो. साहेबांनी मला झेललं, मला सांभाळत ते मागं गेले, आणि आम्ही दोघं शेजारच्या रिकाम्या खाटेवर. मोसंबी वॉर्डभर.

"जय भीम, साहेब," मी त्यांच्या छातीवरूनच म्हणालो.

"जय भीम. आधी उतर."

सुनंदा चहा घेऊन दारात उभी. "अहो, हे काय चाललंय?"

सर्जन धावत आले. गुडघा पुन्हा पुन्हा हलवून बघू लागले. आता मला घाम फुटला. नवं लिगामेंट गेलं असेल तर सगळं पहिल्यापासून.

"शाबूत आहे," ते शेवटी म्हणाले.

त्यांच्यामागून आलेल्या डॉक्टरबाईंनी मी सोडून ठेवलेला पट्टा उचलून दाखवला. "हे काय, काका?"

मी छताकडं पाहिलं. त्या सुनंदाकडं वळल्या. "बधिरपणा संध्याकाळी उतरेल. त्याच्या आधीच गोळी द्या. दुखणं चढल्यावर नको."

साहेब घरी गेलेच नाहीत. स्टुलावर पहारा देत बसले. संध्याकाळी मांडीत मुंग्या आल्या, मग गुडघ्यात निखारा पेटला. सुनंदा गोळी घेऊन कधीची उभी होती.

"आत्ता नको," मी म्हणालो.

"दुखतंय?" साहेबांनी विचारलं.

"थोडं, साहेब."

त्यांचा चेहरा बदलला. "थोडं म्हणू नको. महादू पण थोडंच म्हणत होता."

महादू आमचा लान्स नायक. पहाडात पेट्रोलिंगवर सुरुंगानं त्याचा पाय गेला. स्ट्रेचर उतरवताना साहेब प्रत्येक वळणावर विचारायचे, तो "थोडं" म्हणायचा. दुखणं मारायचं शेवटचं इंजेक्शन त्यानं मागच्या स्ट्रेचरवरच्या जवानाला द्यायला लावलं. हेलिकॉप्टर आलं तेव्हा महादू गेला होता.

मी सुनंदापुढं हात केला. गोळी तोंडात टाकली.

"आता खरं सांग," साहेब म्हणाले.

"लई दुखतंय, साहेब."

"हां," ते म्हणाले, आणि पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला.