कमळाकरकाकांची पिकअप आणि निकेशचा एकांत

पनवेलला उरण नाक्याच्या पुढे माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं टेम्पोच्या बॉड्या बांधतोय. भाजीचा टेम्पो, कोंबड्यांचा टेम्पो, मंडपवाल्याचा टेम्पो, सगळं करून झालं. पण "गाडीचं घर करून दे" असं सांगणारा पहिला महाभाग म्हणजे निकेश. आणि ज्यांची गाडी होती त्यांना कोणी विचारलंच नाही, ते त्याचे वडील कमळाकरकाका. गोष्ट काकांची आहे. निकेश मध्ये मध्ये येईल, कारण तो सगळीकडेच मध्ये येतो.

काका जासईचे. वय बासष्ट, उंची बेताची, आवाज मात्र खाडीपलीकडे जाईल असा. बापजाद्यांचं मिठागर होतं, ते जमिनीसकट गेलं. आता तिथे कंटेनरवर कंटेनर रचलेले असतात. मोबदला आला, तीन मजली घर झालं, ग्रॅनाईटचा जिना झाला, आणि काकांना करायला काही उरलं नाही. घरचे म्हणाले, बाबा, आता आराम करा. आराम म्हणजे टीव्हीसमोर बसायचं आणि सुनेने आणून दिलेला बिनसाखरेचा चहा प्यायचा. काकांना ते आठ दिवससुद्धा जमलं नाही.

मीठ होतं तेव्हा काका पिकअप भरून आपट्याच्या वरच्या कातकरवाडीपर्यंत मीठ विकायला जायचे. मीठ संपलं, पण त्यांचं जाणं काही संपलं नाही. रोज पहाटे पाचला वाडीवर पोचायचं, गोदा आणि तिच्यासोबतच्या तेरा-चौदा बायांना रानभाजीच्या पाट्यांसकट मागे बसवायचं आणि उजाडायच्या आत पनवेलच्या बाजारात सोडायचं. भाडं नाही. कधी मूठभर शेवळं, कधी द्रोणभर करवंदं, एवढ्यावर काका खूश. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हा कायदा मला ठाऊक आहे, काकांनाही ठाऊक आहे. पण त्या वेळेला वाडीवर एसटी येत नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. दहाला काका घरी परत, आणि मग दिवसभर गाडी उभी.

"उभीच तर असते!" असं एक दिवस निकेश म्हणाला, आणि सगळी गडबड इथून सुरू झाली.

निकेश एकुलता एक. कंटेनरच्या यार्डात माणसं पुरवायचं त्याचं कंत्राट आहे, म्हणजे माणसं काम करतात आणि हा फोन करतो. उरलेल्या वेळात मोबाईलवर व्हिडिओ बघतो. कुठल्या तरी वाळवंटात कोणी तरी गोरा माणूस गाडीच्या टपावर तंबू लावून झोपलाय, सकाळी कॉफी उकळतोय, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. हे बघून निकेशच्या मनाने घेतलं.

होळी झाल्यावर तो काकांची पिकअप घेऊन माझ्याकडे आला. "प्रितमदादा, मला एकांत पाहिजे. डोंगरात, जंगलात. एकदम ऑफ-रोड."

म्हटलं, "अरे, तुझ्या दारात दोन-दोन गाड्या आहेत. एकीला तर चार चाकांना जोर आहे. ती ने की."

"वेडा झालास काय दादा? ती चिखलात घालू? तिचं पॉलिश बघितलंस?"

म्हणजे चिखलात जायची गाडी चिखलात जायची नाही, आणि बापाची भाजी वाहणारी गाडी ऑफ-रोड व्हायची. मी हो म्हणालो. माझं पोट त्याच्यावर आहे, मी काय साधूसंत नाही. पण त्या दिवशी मी एकदा तरी "काकांना विचारलंस का रे" असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

मग सुरू झालं. टपावर उघडमिटीचा तंबू, त्याला चढायला शिडी. बाजूला गुंडाळून ठेवायचं छप्पर. पुढे विंच, म्हणजे अडकली गाडी तर झाडाला दोर बांधून स्वतःला ओढून काढायचं यंत्र. मागे चेकर प्लेटच्या जाड पत्र्याचे तीन फुटी ड्रॉवर, त्यात शेगडी, त्यात भांडी, त्यात फ्रीज. हो, फ्रीज! जंगलात जाऊन माणसाला काय थंड प्यायचं असतं ते मी सांगायला नको. ऐंशी लिटरची पाण्याची टाकी. बोनेटच्या बाजूने टपापर्यंत गेलेली काळी नळी, गाडी नदीतून गेली तरी इंजिनला वरून हवा मिळावी म्हणून. मी विचारलं, ही इंजिनला जोडायची ना? तर म्हणे, "नको, इंजिनला हात लावू नको. नुसती दिसली पाहिजे." धन्य! आणि शेवटी मागच्या फाळक्यावर हे मोठ्ठं स्टिकर, फोर बाय फोर. जोर फक्त मागच्या दोन चाकांना, बाकीची दोन स्टिकरवर.

"निकेश, वजन फार होतंय," मी सांगितलं. "मागच्या स्प्रिंगच्या कमानी बसतील."

"दादा, तू व्हिडिओ बघत जा जरा," तो म्हणाला.

काम निम्म्यावर आलं असताना एक दिवस दुपारी काका आले. रिक्षाने आले. ज्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याच्या गाडीत पुढची सीट सोडली नाही तो रिक्षात मागे बसून आला, हेच मला बघवेना. गाडीभोवती एक फेरी मारली, शिडी हलवून बघितली, नळीला टिचकी मारली आणि मला बाजूला घेतलं.

"प्रितम, पोराला काय करायचा हाय ते करू दे. पन मागं बसायला एक फळी ठेव. बायांना पाय सोडून बसता आला पायजे. महिना झाला, कोन गेला नाय वाडीवर. त्यांना वाटत आसल मी मेलो."

"तुम्ही निकेशला सांगा ना काका."

काका आपल्या चपलेकडे बघत राहिले. "त्याचा वाढदिवस येतोय," एवढंच म्हणाले.

मी म्हणालो, बघतो. आमच्या धंद्यात बघतो म्हणजे काय ते सगळ्या पनवेलला माहीत आहे. मी निकेशला फळीचं विचारलं. तो म्हणाला, मग ड्रॉवर कुठे जाणार? आणि मी ड्रॉवर बसवला. माझ्या हाताने, चार बोल्ट मारून. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा नाही वाटली.

गाडी तयार व्हायला मे उजाडला. मग गाडीला नारळ फोडला, एकवीरेला नेऊन आणली, हार घातले, घरासमोर उभी करून फोटो काढले. पावसाळा सुरू झाला. गाडी शेडमध्ये, वर कव्हर. का? तर मातीचे शिंतोडे उडतात. दोन महिने ती ऑफ-रोड गाडी रोडवरसुद्धा आली नाही. आणि मग निकेशने मुहूर्त काढला. श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा रविवार, म्हणजे गटारी.

आता गटारीला आमच्याकडे कोण एकटं जेवतं? निकेशने एकांताला जाताना चुलतभावाला सांगितलं, चुलतभावाने भावकीला सांगितलं. न सांगता कसं जायचं, उद्या लग्नाच्या पंगतीत टोमणे कोण ऐकणार? निघायच्या वेळी जासईच्या नाक्यावर पिकअपच्या मागे दोन टेम्पो. एकात बायकामुलं, दुसऱ्यात टोप, कोंबड्या, जनरेटर आणि साऊंडचे दोन डबे. मोजून एकतीस माणसं एकांताला निघाली! मलाही घेतलं, गाडीला काही झालं तर हाताशी असावा म्हणून. आणि पुढे निकेशच्या शेजारी काका, कारण निकेशला रस्ता माहीत नव्हता. चार महिने जंगलाची तयारी करणाऱ्या माणसाला जंगल कुठे आहे ते बापाला विचारावं लागलं.

काका त्याला घेऊन गेले तो त्यांचाच रोजचा रस्ता, आपट्याच्या वरचा. वाडीच्या अलीकडे लाल मातीचा एक चढ आहे. याच चढावर काका चौदा बाया आणि चौदा पाट्या घेऊन रोज ये-जा करायचे, गुळगुळीत टायरवर. निकेशने गाडी घातली. अर्ध्यात गेली, मागची चाकं फिरायला लागली, आणि गाडी मागून बसली ती बसलीच. टेम्पोतल्या बायकांनी आरोळी ठोकली.

"घाबरू नका," निकेश म्हणाला. "विंच आहे."

दोर काढला, झाडाला बांधला, बटण दाबलं. विंचने एकदा हूं केलं आणि गप्प. बॅटरी उतरली होती. उतरणारच ना! दोन महिने गाडी उभी, वर जासईपासून फ्रीज तिच्यावर चालू होता, आणि त्यात काय गार होत होतं ते पुन्हा सांगायला नको.

आरडाओरडा ऐकून वाडीतली माणसं खाली आली. पुढे गोदा, तिचा नवरा पांडू, मागे दहा-बारा बाया. गोदाने पिकअप ओळखली नाही. पण पुढे बसलेला माणूस ओळखला.

"अगं बया! मीठवाले काका जिते हायत गं!"

काका उतरले. चिखलात उभे राहिले. गोदाने मागे जाऊन बघितलं. शिडी, ड्रॉवर, टाकी. तिने विचारलं, "काका, हितं माणूस कुठं बसतो?"

निकेशने मोठ्या कौतुकाने ड्रॉवर ओढून दाखवला. "बसायला नाय मावशी, हे किचन आहे."

गोदाने पदर खोचला, पांडूने चाकाखाली दगड लावले, आणि त्या सगळ्यांनी मिळून किचन, बेडरूम आणि फ्रीज ढकलत वर नेलं. भावकी व्हिडिओ काढत होती.

त्या रात्रीचं काय सांगू! साऊंड एवढा वाजला की जंगलाने कानात बोटं घातली असतील. निकेश टपावरच्या तंबूत चढला, पाठीत सळ्या टोचल्या, डास चावले, आणि पहाट व्हायच्या आत खाली उतरून टेम्पोत झोपला. आठ दिवसांनी तो माझ्याकडे आला. पश्चात्ताप वगैरे झाला होता असं कुणी समजू नये. त्याला आता ड्रोन घ्यायचं होतं. "दादा, काढून टाक सगळं. बाबांना गाडी परत देऊन टाकतो. बिचारे घरी बसून असतात." ऐकलंत ना? बिचारे घरी बसून असतात!

मी सगळं काढलं. कोणी न सांगता मागे दोन्ही बाजूंनी सागाच्या फळ्या बसवल्या, कडा घासून गोल केल्या. गाडी न्यायला काका आले तेव्हा त्यांनी फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. "उद्या पाचला," म्हणाले. कमानी बघायच्या आहेत असं सांगून मीही सोबत निघालो. खरं तर मला गोदाचा चेहरा बघायचा होता. मनाला थोडं बरं वाटावं म्हणून.

वाडीवर पोचलो तर तिथे एक जीप उभी होती. बाया आत दाटीवाटीने बसलेल्या, पाट्या टपावर. काकांनी हॉर्न दिला. गोदा उतरून आली.

"चला गं बसा," काका म्हणाले. "आता जागा हाय. बघ, फळ्या नव्या हायत."

गोदाने फळ्या बघितल्या. चांगल्या आहेत म्हणाली. मग म्हणाली, "काका, पाच महिने आमी वाट बघितली नाय असं नाय. पयल्या म्हयन्यात डोक्यावर पाटी घेऊन खाली ठेसनापातूर चालत जेलो. दिपाची सात म्हयन्यांची पोटुशी सून वाटंत पडली. मग हा जीपवाला केला. तो भाडं घेतो, पाटीचं येगळं घेतो, पन येतो. आज त्याला सोडला तं उंद्या तो नाय यायचा. आन उंद्या तुमच्या पोराला परत गाडी लागली तं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. ड्रॉवरचे बोल्ट मी मारले होते. गोदा जीपकडे परत गेली, टपावरून कंटोल्यांची एक पाटी उतरवली आणि आमच्या गाडीत आणून ठेवली.

"ही माझी एकटीची न्या. बघू." आणि जीपमध्ये जाऊन बसली.

काकांनी ती पाटी दोरीने फळीला बांधली. दोनदा ओढून बघितली. मग जीपच्या मागे मागे, दीड टन वाहणारी गाडी एका पाटीसाठी विसाच्या स्पीडने पनवेलपर्यंत आणली. बाजारात पाटी गोदाच्या हातात दिली आणि तिथून सरळ माझ्या गॅरेजवर आले. खिशातून गाडीची दुसरी चावी काढली, निकेशकडे असायची ती.

"ही तुझ्याकडं ठेव," म्हणाले. "पोरगा मागायला आला तं नाय म्हण. माझ्यानं त्याला नाय म्हनवत नाय. तू बघतो म्हणू नको. नाय म्हण."