ओवलेल्या सुया

शिंपीमास्तरांची बायको रोज दुकान उघडलं की आधी सुया ओवायची आणि एकेक करून गादीला टोचून ठेवायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मास्तरांचे डोळे अधू झालेत हो."

डोळ्यांना काय धाड भरली होती! थरथरायचा तो हात, आणि सकाळचा घोट पोटात गेल्याशिवाय तो थांबत नसे. रात्रीची चढलेली उतरवायला सकाळची, असा तो शहाणपणा होता.

एकदा एका बाईच्या झग्याचं कापड कात्रीखाली वाकडं गेलं. बाई कापड उचलून निघून गेली. ते मास्तरांच्या जिव्हारी लागलं. घरी येऊन त्यांनी बाटली मोरीत ओतली. "संपलं! आजपासून थेंबही नाही." बायकोला आनंदानं रडू आलं. असं तडकाफडकी सोडणं अंगावर येतं, हे दोघांनाही कुठं ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी मास्तर घामानं निथळले आणि अंगावर नसलेले किडे झटकू लागले. शेजारी म्हणाला, "खोलीत कोंडा, खोड मोडेल." बायकोनं त्याचं ऐकलं नाही, म्हणून मास्तर वाचले. तिनं तडक दवाखाना गाठला.

"सोडायचं ठरवलंत, सोन्यासारखं केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण रोज पिणाऱ्यानं एकदम, कुणाला न विचारता सोडायची नसते. मेंदूला सवय झालेली असते, तो बिथरतो. फिट येते, माणूस दगावतोसुद्धा. आता इथंच राहा, औषधानं हळूहळू निभावून नेऊ. यकृत सुजलंय, पण अजून ऐकण्यातलं आहे."

मास्तर क्षीण आवाजात म्हणाले, "म्हणजे उसवायचं, फाडायचं नाही."

पुढं एकदा पाय घसरला. मास्तरांनी ते लपवलं नाही, स्वतःच डॉक्टरीणबाईंपुढं जाऊन उभे राहिले आणि बोलणी खाऊन आले. हळूहळू हात थाऱ्यावर आला. झगेवाली बाईसुद्धा नवं कापड घेऊन आली.

बायकोची सवय मात्र सुटेना. एका सकाळी ती दोरा ओवत बसली होती आणि दोरा काही केल्या सुईत जाईना. मास्तरांनी सुई तिच्या हातातून घेतली, दोरा ओठांनी ओला केला. पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा सर्रकन गेला.

"अगं, डोळे तर तुझे गेलेत!"

"जाईनात का," ती म्हणाली. "तुमचा हात परत आला ना."