नोझल काढलेला ट्रक

इथले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगतो, बरेचदा हसू येतं. मी तलासरीचा डिझेल मेकॅनिक. हायवेलगत छोटं गॅरेज आहे, वीस-बावीस वर्षं हेच काम. भूतखेत, भगत-बिगत मी मानत नाही... आजही मानत नाही. तरी लिहितोय, कारण अडलंय ते माझ्याच धंद्यातलं आहे आणि मला ते सुटत नाही.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच झाली होती. गंजाडला लक्ष्मणभाऊंचा सहा सिलेंडरचा जुना ट्रक आहे, गवत वाहतात त्यावर. त्यांचा फोन आला, "मिस्त्री, गाडी मिसिंग मारते. चढाला दमच सोडते." सकाळी बाइकवरून गेलो.

इंजिन चालू ठेवून एकेका सिलेंडरचा डिझेलचा पाइप सैल करत गेलो. सैल केल्यावर आवाज पडला तर तो सिलेंडर काम करतोय. चौथ्याचा सैल केला – काडीचा फरक नाही. म्हणजे चौथा मेलेला. त्याचं नोझल, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढलं तर टोक काजळीने जाम. भाऊंचा धाकटा भाऊ ते घेऊन माझ्याच बाइकवरून तलासरीला गेला, साफ करून टेस्ट करून आणायला. नोझलच्या भोकात कचरा जाऊ नये म्हणून मी जुन्या बनियनचा बोळा हलकेच कोंबला आणि सावलीत वाट बघत बसलो.

दुपारी दोनच्या सुमारास मागच्या माळावरून ओरडा आला. भाऊंच्या बायकोला, सुनंदावहिनींना, गवत कापताना पोटरीला साप चावला होता. सोबतच्या बाईने पाहिला, घोणस. उचलून आणेपर्यंत पाय सुजायला लागला होता.

ॲम्ब्युलन्सला फोन केला, यायला पाऊण तास लागेल म्हणाले. पाड्यात दुसरी गाडी नाही. एक बाइक होती, ती मीच पाठवलेली...

"मिस्त्री, ट्रक काढतो मी."

"भाऊ, पाच सिलेंडरवर कशीबशी चालेल हो, पण उघड्या पाइपातून गरम इंजिनवर डिझेल उडणार. पेट घेतला तर?"

"मग काय, इथे बसून बघत राहू हिच्याकडे?"

वहिनींना केबिनमध्ये आडवं केलं, पाय हलू नये म्हणून मी धरून बसलो. पाइपाला डबा तरी बांधतो म्हणेपर्यंत भाऊंनी स्टार्टर मारला.

मी कान दाबून घेणार होतो. सिलेंडरमधल्या दाबाने बोळा गोळीसारखा उडणार, मग नुसती फाटफाट. तसं काही झालं नाही. इंजिन सुरू झालं... एकसारखं. सहाच्या सहा सिलेंडर.

डहाणूच्या वाटेवर एक चढ आहे, गाडी दम सोडायची तो हाच. न कुरकुरता चढली. धूर नाही, डिझेलचा वास नाही. मी इंजिन ऐकत होतो. भाऊंचं लक्ष रस्त्यावर, आणि मध्येमध्ये, "सुनंदा, डोळे मिटू नको गं."

डहाणूला दवाखान्यात इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मग मी बाहेर येऊन बॉनेट उघडलं.

बोळा जिथे कोंबला होता तिथेच. काजळीचा ठिपका नाही. उघड्या पाइपाच्या खाली डिझेलचा ओघळ नाही. त्या भोकात बोळा इंजिनचा एक फेरासुद्धा टिकत नाही, कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

ट्रक गेटात आडवा होता, तो हलवायला भाऊंनी परत स्टार्टर मारला. फाट्! बोळा बॉनेटवर आपटून माझ्या कानाजवळून गेला, डिझेलची पिचकारी अंगावर. "बंद करा, बंद करा!" ओरडलो. शेवटी चारपाच जणांनी ढकलून बाजूला केला.

दुसऱ्या दिवशी साफ केलेलं नोझल बसवलं, लाइनमधली हवा काढली, मिसिंग गेलं. त्यात काही विशेष नाही. गंजाडला लोक म्हणतात, डहाणूच्या महालक्ष्मीने नेली गाडी. भाऊ म्हणतात, "मला रस्त्याशिवाय काही कळतच नव्हतं, मिस्त्री."

महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा वहिनी ओट्यावर बसल्या होत्या, पाय अजून थोडा काळसर. म्हणाल्या, "मिस्त्री, त्या दिवशी गाडी बंदच ठेवून नेलीत ना? मला चाकांचा आवाज येत होता, ह्यांचं बोलणं येत होतं. इंजिनचा आवाज नाही आला कुठे."

"विषामुळे असेल," म्हटलं. त्या हो म्हणाल्या.

पण गंजाडहून डहाणूपर्यंत बंद गाडी जात नाही. आणि नोझलशिवाय सहा सिलेंडर चालत नाहीत. मग सबंध रस्ता मी ऐकत होतो, ते इंजिन कुठलं?